चर्चमध्ये गीतं दाखवायला काय घ्यावं: प्रोजेक्टर, एलईडी वॉल की टीव्ही? (नाशिक)

शेवटचा बाक

जय ख्रिस्त, आणि सगळ्यांना नमस्कार.

आमचं चर्च नाशिकमधलं, काळ्या दगडाचं, इंग्रजांच्या काळात बांधलेलं. खरेदीचा विषय अजून कमिटीपुढे असल्यामुळे चर्चचं नाव देत नाही. आतून लांबी ७२ फूट, रुंदी ३४ फूट, दोन्ही बाजूंना चार-चार दगडी खांब. वेदी पूर्वेला आणि तिच्या मागे उंच काचेची खिडकी. रविवारची उपासना सकाळी साडेआठला.

मंडळीत वय झालेली माणसं बरीच आहेत. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकाच्या प्रती जुन्या झाल्या आहेत, एका बाकावर दोन-तीन पुरतात आणि टाइप बारीक. माझी आई शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. पाठ असलेली गीतं ती मोठ्याने म्हणते. पाठ नसलेलं आलं की पुस्तक मिटून नुसती उभी राहते. तिच्यासारख्या पंधरावीस जणी तरी आहेत.

म्हणून गीतं आणि शास्त्रपाठ मोठ्या अक्षरात दाखवायचे ठरलं. आतापर्यंत साडेतीन लाख जमलेत. तीन कोटेशनं आली आहेत: पाच हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या उजेडाचं माप) प्रोजेक्टर आणि दहा फुटी पडदा, पी-३ची एलईडी वॉल (बारीक दिव्यांच्या ठिपक्यांची भिंत), किंवा मोठे टीव्ही. तरुण संघाला वॉल हवी आहे. पाळकसाहेब म्हणतात, नीट चौकशी करा मग बोलू. जमलेल्या पैशांत घरकाम करणाऱ्या बायांनी दिलेले शंभर-शंभर रुपयेही आहेत, त्यामुळे चूक करायची नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पडद्यामागे

दादा, सभागृहांची ही कामं मी अठरा वर्षं करतोय. कोटेशनं तूर्त बाजूला ठेवा. तीन गोष्टी कळवा. पडदा जिथे येणार तिथे उपासनेच्या वेळी किती उजेड असतो? तिथून शेवटचा बाक किती फुटांवर? आणि दाखवायचं काय, फक्त अक्षरं की व्हिडिओसुद्धा?

उजेड डोळ्यांनी ठरवू नका, डोळा सवयीने फसतो. फोनवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजायचं अॅप घ्या, फोन पडद्याच्या जागी मंडळीकडे तोंड करून धरा आणि दर पाऊण तासाने आकडा लिहा. येत्या रविवारीच करा. हे घराच्या पायासारखं आहे, पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

देवळालीकर

आमचा अनुभव सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनागृहासाठी ऑनलाइन प्रोजेक्टर मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ९५०० लुमेन, किंमत चौदा हजार. आम्हाला वाटलं, देवाची कृपा. संध्याकाळी दिवे घालवले की चित्र दिसायचं. सकाळच्या उपासनेत पडद्यावर काही लिहिलंय हेसुद्धा कळायचं नाही. तो विकणारा नंतर फोन उचलेना. मग एकाने समजावलं, की त्या आकड्याला कसलाच आधार नसतो; बघायचे ते अॅन्सी लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, आणि आमच्या यंत्राचे ते तीनशेसुद्धा भरले नसते. आता तो संडेस्कूलच्या खोलीत आहे, खिडक्या बंद करून मुलांना गोष्टी दाखवायला.

शेवटचा बाक

पडद्यामागे, तुम्ही सांगितलं तसं केलं. साडेआठला ४२० लक्स, सव्वानऊला २६०, संध्याकाळी सातला सगळे दिवे लावून ९०. साडेआठचा आकडा बघून मीच चकित झालो. वेदीमागच्या खिडकीतून आलेलं ऊन आधी पश्चिमेच्या भिंतीवर पडतं, तिथला पांढरा चुना ते सगळ्या चर्चभर फेकतो. म्हणजे वेदीसमोर उभं राहिलं तर पुढून आणि मागून दोन्हीकडून उजेड.

वेदीपाशी पडदा लावला तर शेवटचा बाक ६५ फुटांवर. दाखवायचं नव्वद टक्के अक्षरंच. व्हिडिओ म्हणजे नाताळात संडेस्कूलचा कार्यक्रम, एवढाच.

पडद्यामागे

चला, आता हिशेब करता येईल. वेळ लागेल, पण वाचा.

दहा फूट रुंद पडदा, सोळा-नऊच्या प्रमाणात उंची साधारण ५ फूट ७ इंच. क्षेत्रफळ ५.२ चौरस मीटर. पाच हजार अॅन्सी लुमेन त्यावर पसरले की ९६० लक्स मिळतात. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पडद्यावरचा सगळ्यात काळा भाग म्हणजे खोलीतला उजेड जितका पडतोय तितका. तुमच्याकडे तो ४२०. पांढरा भाग ९६० अधिक ४२०, म्हणजे १३८०. भागा: ३.३. पांढरं काळ्यापेक्षा फक्त सव्वातीनपट उजळ. फिकट कागदावर पेन्सिलीने लिहिल्यासारखं दिसेल. आमच्या धंद्यात नुसतं बघत बसायच्या चित्राला कमीत कमी सातपट आणि वाचून समजून घ्यायच्या मजकुराला पंधरापट धरतात. तुम्हाला सातपट हवं असेल तर साडेआठ वाजता तेरा हजार लुमेन लागतील. ते तुमच्या रकमेत बसत नाही, आणि त्या यंत्राच्या पंख्याचा आवाज शांत प्रार्थनेत ऐकू येईल तो वेगळाच.

संध्याकाळी मात्र तोच पाच हजारांचा प्रोजेक्टर बारापटीच्या जवळ जातो. दुकानात डेमो अंधाऱ्या खोलीत देतात ते यासाठीच. तुमची उपासना संध्याकाळची असती तर मी प्रोजेक्टरच सुचवला असता. मोठं चित्र सगळ्यात स्वस्तात तोच देतो, आणि आता लेझरवाला घेतला तर वीस हजार तास दिवा बदलायची कटकट नाही. दिव्यावाल्याला बंद केल्यावर थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. मध्येच महावितरणने वीज घालवली की दिव्याचं आयुष्य घटतं.

सातपूरकर

मी लग्नकार्यांना, सभांना एलईडी वॉल भाड्याने देतो. माझा धंदा वॉलचा असला तरी खरं तेच सांगतो.

उजेडाचा प्रश्न वॉलने सुटतो, यात वाद नाही. उन्हातसुद्धा दिसते. पण पी-३ म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये तीन मिलिमीटर. तुमच्या कोटेशनमध्ये ५७६ मिलिमीटरची कॅबिनेटं (वॉल ज्या चौकटी जोडून बनते त्या) पाच आडवी, तीन उभी असतील तर एकूण ठिपके ९६० गुणिले ५७६. फुल एचडीच्या निम्मी रुंदी. लांबून छान दिसेल, पुढच्या दोन बाकांवरून मात्रा खडबडीत दिसतील. वजन फ्रेमसकट दीड-दोनशे किलो. जुन्या दगडी भिंतीवर ते टांगायचं तर आधी बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवा, खाली पाया घेऊन उभी केली तर वेदीची जागा जाईल.

वॉल घ्यायचीच ठरली तर दोन गोष्टी पावतीवर लिहून घ्या. एक, त्याच लॉटमधली निदान पाच टक्के मॉड्यूल (ठिपक्यांच्या छोट्या पाट्या) जादा. माझ्या ओळखीच्या एका हॉलने ती घेतली नाहीत. वर्षाने तीन मॉड्यूल गेली, विकणाऱ्याने दुसऱ्या लॉटची बसवली आणि आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर तीन गुलाबी चौकोन कायम दिसतात. दोन, रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ३८४०चा. कमी असेल तर लाइव्ह प्रक्षेपणात कॅमेऱ्याला पडद्यावर काळ्या रेघा पळताना दिसतात.

आणखी एक मनापासून सांगतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेत मेणबत्त्या लावून बसता ना? त्या वेळी वॉल वीस टक्क्यांवर आणली तरी समोरच्या माणसाचे डोळे दिपतात. आणि स्वस्तातली वॉल इतकी खाली आणली की रंग फाटतात.

नगरची मावशी

मुलांनो, तुमचं सगळं वाचलं. आकडे मला कळत नाहीत, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे पडदा येऊन चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी सगळे खूश. आता मुलांच्या हातात पुस्तकच नाही. गीताचा क्रमांक विचारला तर सांगता येत नाही. घरी कुणी आजारी असेल, प्रार्थनेला बसायचं असेल, तर गीत कुठून म्हणणार? पडदा काय घरी नेता येतो? माझ्या सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण दोनशे गीतं तोंडपाठ होती. त्यांच्या लहानपणी पुढे उभा असलेला माणूस एक ओळ म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्या उपासनेत अभंग आणि ओवी आणली, भजनाच्या चालीवर गायला लावलं, त्यामुळेच ती गीतं बायकांच्या तोंडी बसली. ध्रुवपद परत परत येतं, ते उगाच नाही.

पडदा लावा, पण पुस्तकं फेकू नका.

शेवटचा बाक

मावशी, तुमचं म्हणणं कमिटीत वाचून दाखवलं. पाळकसाहेबांनी लगेच ठरवलं: भिंतीवरचा गीत-क्रमांकांचा लाकडी फळा आहे तिथेच राहणार, प्रत्येक गीताच्या पहिल्या स्लाइडवर क्रमांक मोठा येणार, आणि साडेतीन लाखांतले वीस हजार नवीन पुस्तकं घ्यायला. महिला मंडळाने त्याच बैठकीत पुस्तकांना कव्हरं घालायचं काम घेतलं.

टीपकागद

मी शाळेत मराठी शिकवते आणि आमच्या चर्चच्या स्लाइड तीन वर्षं करते आहे. सगळे लुमेन आणि लक्सवर बोलताहेत, अक्षरांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

इंग्रजी अक्षराला जेवढी जागा लागते तेवढ्यात मराठी अक्षर मावत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पायमोडके जोडाक्षर. मूळ अक्षर चार इंचाचं असेल तर ओळीला आठ-नऊ इंच उंची धरावी लागते. सॉफ्टवेअरमधलं ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने बसवलेलं असतं, म्हणून ‘सर्व’मधला रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसतो. आमच्याकडे पहिल्याच रविवारी ‘मूर्ती’चं ‘मूती’ झालं.

जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटांत असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, करून घ्या. नुसतं रूपांतर करून भागत नाही, एकेक ओळ वाचून तपासावी लागते. फाँट म्हणून मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, जाड वजनातलं, पण सगळ्यात जाड नको. अति जाड केलं की ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते आणि लांबून नुसता ठिपका दिसतो. अक्षराभोवती काळी किनार देऊ नका, तिनेही तेच होतं. गडद निळ्यावर पांढरं, मागे डोंगर-समुद्राचे फोटो नकोत.

अंतराचा ढोबळ नियम: शेवटच्या बाकापर्यंतच्या अंतराचा दोनशेवा भाग म्हणजे मूळ अक्षराची उंची. तुमचे ६५ फूट म्हणजे ७८० इंच, त्याचा दोनशेवा भाग जवळजवळ चार इंच. हे चाळिशीच्या आतल्या डोळ्यांना पुरतं. तुमच्या आईंचं तुम्हीच बघा. चार्टपेपरवर दोन, तीन आणि चार इंचात अक्षरं काढा, वेदीपाशी धरा आणि शेवटच्या बाकावरच्यांना वाचायला लावा. खरेदीआधीची ही परीक्षा दहा रुपयांत होते.

शेवटचा बाक

टीपकागद ताई, तुमचे हात धरून आभार मानावेसे वाटतात.

काल उपासनेनंतर केलं. माझ्या मुलीने काळ्या स्केचपेनने ‘ख्रिस्त’, ‘पुनरुत्थान’, ‘धन्य’, ‘मेघ’, ‘भार’ असे शब्द काढले. मी वेदीच्या पायरीवर चार्टपेपर धरून उभा. शेवटच्या दोन बाकांवर आई आणि तिच्या आठ मैत्रिणी. दोन इंची अक्षरं एकीलाही वाचता आली नाहीत. तीन इंची वाचली, पण ‘मेघ’चा ‘मेध’ झाला आणि ‘भार’चा ‘मार’. ‘देव आपला मार वाहतो’ असं कुणी गायला लागलं तर काय, म्हणून त्या स्वतःच हादरल्या. चार इंची सहा जणींनी बरोबर वाचली. आई वाचू शकली नाही. मी चालत पुढे आलो, ती सांगेपर्यंत. वेदीपासून तिसऱ्या खांबापाशी आल्यावर तिने ‘पुनरुत्थान’ न अडखळता वाचलं. तिथून तिचा बाक पंचवीस फुटांवर आहे.

तो खांब बघितला आणि डोक्यात आलं, की सगळं वेदीपाशीच का लावायचं?

पडद्यामागे

अगदी हेच लिहायला बसलो होतो.

तुमचं चर्च लांब आणि अरुंद आहे, वर खांब आहेत. एक मोठा पडदा पुढे लावून ६५ फुटांपर्यंत पोचवण्यापेक्षा चार टीव्ही लावा. पहिल्या खांबांच्या जोडीवर ७५ इंची दोन, पुढच्या निम्म्या मंडळीसाठी. तिसऱ्या जोडीवर ५५ इंची दोन, मागच्यांसाठी. ५५ इंचीची उंची २७ इंच. चार ओळी दाखवल्या तर ओळीला पावणेसात इंच, मूळ अक्षर तीन इंचाच्या वर. पंचवीस-तीस फुटांवरून तुमच्या आई ते आरामात वाचतील. ओळ लांब असेल तर तिथे तोडा जिथे गाताना श्वास घेतला जातो.

टीव्हीचा पडदा मुळात काळा, त्यामुळे खोलीतला उजेड त्याला पांढरट करत नाही. चकाकी मात्र येते. मॅट पडद्याचं मॉडेल निवडा आणि टीव्ही खाली दहा अंश झुकवा, म्हणजे पश्चिमेच्या उजळ भिंतीचं प्रतिबिंब डोळ्यांऐवजी जमिनीकडे जाईल. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत बऱ्याचदा व्यावसायिक किंवा सार्वजनिक वापर वगळलेला असतो. दुकानदाराकडून ‘चर्चमध्ये लावणार’ असं बिलावर लिहून घ्या, नाहीतर साइनेजसाठीचे, म्हणजे जाहिराती-सूचना दाखवायचे, डिस्प्ले घ्या. ते महाग पडतात पण रोज सोळा तास चालायला बनवलेले असतात. तुम्हाला आठवड्याला चार तास पुरे, त्यामुळे मी घरगुती चांगल्या कंपनीचेच घेईन.

वसईकर

आमच्याकडे वसईत कॅथलिक चर्चमध्ये खांबांवरच टीव्ही आहेत. एक सूचना. वेदी, क्रूस आणि पुलपीट (प्रवचनाची जागा) या तिघांच्या समोर किंवा माथ्यावर काहीही लावू नका. लोकांची नजर बाजूला गेली तरी वाचून परत वेदीकडे यायला हवी. आमच्या फादरांनी आणखी एक शिस्त घातली: प्रार्थना, शांतता आणि प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पडदे काळे. चालवणाऱ्या मुलाने एक कळ दाबायची. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तर बारा ते तीन पडदे बंदच. सुरुवातीला मुलं विसरायची, आता त्यांना सांगावं लागत नाही.

सिन्नरचा टाळकरी

मी वारकरी. आमच्या गावात सप्ताहाला हरिपाठ पडद्यावर दाखवतो, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतोय. मावशींनी ध्रुवपदाचं लिहिलं, तिथेच आमची गाडी अडली होती. भजनात ध्रुवपद कधी दोनदा, कधी पाचदा येतं; बुवांच्या मनावर. क्रमाने स्लाइड पुढे ढकलणारा मुलगा गोंधळतो, आणि पडदा चुकला की सगळ्यांचा आवाज एकदम पडतो. सॉफ्टवेअर असं घ्या की ध्रुवपदाला एक ठरलेली कळ असेल. आणि चालवायला बसवाल तो गाणारा असावा. नुसता संगणक येणारा नको.

टीपकागद

माउली, फार महत्त्वाचं सांगितलंत. ओपनएलपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ध्रुवपदाला, कडव्यांना वेगळ्या खुणा देता येतात. आमच्याकडे क्वायरमधला टेनर म्हणणारा मुलगाच ते चालवतो.

एका प्रश्नावर मात्र सगळ्यांचं मत हवंय. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी खाली रोमन लिपीत ओळी द्याव्यात अशी मागणी आमच्याकडे आली होती. दोन महिने दिल्या. पडद्यावर ओळी दुप्पट, अक्षरं निम्मी, आणि म्हाताऱ्यांचं पुन्हा वाचणं बंद. मग काढल्या. त्या वेळी नाराजी झाली. पण माझा स्वतःचा मुलगा, इंग्रजी शाळेतला, आज सहावीत आहे आणि जोडाक्षरं सफाईने वाचतो. शाळेत मराठीचे आठवड्याला चार तास असतात. ‘कृपा’ आणि ‘क्रूस’ यांतला फरक तो रविवारी पडद्यावर गाता गाता शिकला. मी तरी कुणाच्या दबावाखाली रोमन देणार नाही.

देवळालीकर

ताई, माझी मुलगी बंगळुरूहून सुट्टीला येते तेव्हा तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो. तिच्यासारख्यांसाठी काय?

टीपकागद

तिच्यासाठी रोमनमधली छापील पानं दाराशी ठेवा, हातात धरून गाता येईल. पडद्यावरची जागा ज्यांना हातात धरून वाचता येत नाही त्यांची.

नगरची मावशी

हे पटलं.

शेवटचा बाक

कमिटीत मंजूर झालं: ७५ इंची दोन, ५५ इंची दोन. तरुण संघातली मुलं आधी हिरमुसली. मग त्यांनाच चार्टपेपर घेऊन मागच्या बाकावर बसवलं, आणि विषय मिटला.

दगडाला भोक पाडायचं नाही अशी पाळकसाहेबांची अट. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने खांबाला वेढणारी दोन लोखंडी कडी बनवायची कल्पना दिली, आतून रबर, मागे नट-बोल्ट आवळायचे. ७५ इंची टीव्ही पस्तीस किलोच्या आसपास, कडी दीडशे किलोपर्यंत तपासून देणार.

आता वायरचं सांगा. लॅपटॉप मागे, माळ्याखाली मिक्सरपाशी. तिथून पहिला खांब पंचावन्न फूट, वायर वरून तुळयांवरून फिरवली तर नव्वद फूट.

पडद्यामागे

साधी एचडीएमआय वायर नव्वद फूट नेऊ नका, चित्र मध्येच जाईल. लॅपटॉपपाशी एक स्प्लिटर (एक चित्र चार वायरींत वाटणारा), तिथून प्रत्येक टीव्हीला एचडीबेसटी एक्स्टेंडर (चित्र लांब पोचवणारी जोडी). कॅट-६, म्हणजे नेटवर्कच्या वायरवरून शंभर मीटरपर्यंत जातं. वायर पूर्ण तांब्याची घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, ती नको. तुळयांवर उंदीर आणि खारी असतात, म्हणून पीव्हीसी पाइपातूनच ओढा आणि प्रत्येक पाइपात एक वायर जादा टाकून ठेवा. पुन्हा शिडी लावायची वेळ येऊ नये.

आणि अर्थिंग. टीव्ही एका फेजवर, मिक्सर दुसऱ्यावर, अर्थिंग वेगळं, आणि लॅपटॉप दोघांना जोडलेला: स्पीकरमधून घरघर येणारच. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स टाका, तो आवाज जाऊ देतो पण घरघर अडवतो. त्याआधी वायरमनकडून अर्थ-पिट (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा) तपासून घ्या. जुन्या इमारतींत बऱ्याच वेळा तो कोरडा पडलेला असतो.

सातपूरकर

दादा, वायर ओढायला शनिवारी माझी दोन पोरं येतील. मजुरी नको. तुमच्या चर्चच्या शाळेत माझे वडील शिकले.

शेवटचा बाक

सातपूरकर, देव तुमचं भलं करो. पोरं आली, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत राबली. अर्थ-पिट खरंच कोरडा निघाला. नवीन केला.

काल पहिली उपासना झाली. चुका आधी सांगतो. उजव्या बाजूच्या ७५ इंचीवर साडेआठला पश्चिमेची पांढरी भिंत लख्ख दिसत होती. पहिल्या गीतानंतर एका मुलाने शिडी लावून तो आणखी झुकवला, दुसऱ्या गीतापासून ठीक. तिसऱ्या गीतात ‘तुझ्या चरणी’ दोनदा टाइप झालं होतं आणि मंडळीने ते दोनदा गायलं. काळी स्लाइड लावायला प्रार्थनेच्या वेळी एकदा उशीर झाला.

शेवटच्या गीताच्या वेळी मी मागे जाऊन उभा राहिलो. पाठ नसलेलं गीत होतं, मुद्दाम निवडलेलं. आईने पिशवीतून चष्मा काढला, लावला, परत काढला आणि ठेवून दिला. दुसऱ्या कडव्यापासून तिचा आवाज मला ऐकू येत होता. सूर थोडा खाली होता.

देवळालीकर

दादा, डोळे भरून आले. आमच्याकडे खांब आहेत, पण गोल नाहीत, चौकोनी. त्या कड्यांचं माप आणि रबराची जाडी मिळेल का?

शेवटचा बाक

रबर आठ मिलिमीटर. चौकोनी खांबाला कडी चालणार नाही, चार कोनांत एल-पट्ट्या घालून आवळावं लागेल असं फॅब्रिकेशनवाला म्हणाला. शुक्रवारी अंबडला जातोय, त्याच्याकडून कागदावर काढून घेतो आणि इथे फोटो टाकतो. तुमच्या खांबाची चारही बाजूंची मापं तेवढी पाठवून ठेवा. एकाच बाजूचं नको. जुन्या खांबांत अर्धा-पाऊण इंच फरक निघतो, आमच्या आठांपैकी दोन सारखे नव्हते.